तमिळ गाण्यातला मोर

नाशिकला गंगापूर रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमची शाळा होती. मी तिथे संगीत शिकवायचे. माझी खोली प्रयोगशाळेला लागून, त्यामुळे तिथल्या गॅसचा आणि आम्लांचा वास माझ्या पेटीच्या भात्यात कायमचा शिरलेला. नववीचा तास आठवड्यातून दोनदा. निम्म्या मुलांचे आवाज फुटलेले, उरलेल्यांचे फुटायच्या बेतात, आणि मुली इतक्या हळू गायच्या की खिडकीतल्या चिमण्या वरचढ ठरायच्या.

संगीताला पुस्तक नव्हतं आणि परीक्षा नावापुरती होती. पण देशभक्तीपर समूहगान मात्र शाळेला हवं असायचं. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो, दर जूनमध्ये मला बोलावून सांगायच्या, "इतिहासाच्या तासाला मुलांना सनावळी कळते. स्वातंत्र्य म्हणजे काय, आपला देश म्हणजे काय, ते तुमच्या तासाला कळलं पाहिजे." मी "हो बाई" म्हणायचे. ते कसं कळवायचं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझा जन्मच स्वातंत्र्यानंतरचा. गाणं भरात आलं की माझ्या अंगावर काटा यायचा, एवढं खरं. तो सुरांनी येतो की देशाच्या नावाने, हे मला सांगता आलं नसतं.

ऑगस्टमध्ये शहरातल्या शाळांची समूहगान स्पर्धा व्हायची. एक गाणं मराठीतलं, दुसरं मराठी आणि हिंदी सोडून कुठल्याही भारतीय भाषेतलं, असा नियम. राष्ट्रीय एकात्मता वाढावी हा हेतू. त्यामुळे जुलै महिन्यात नाशिकच्या शाळाशाळांमधून बंगाली, असमिया, कानडी असं काय काय ऐकू यायचं आणि त्यातलं गाणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना काडीचंही कळत नसायचं. आमच्या शाळेचं गाणं तमिळ होतं. नव्वदीच्या सुरुवातीला एका शिक्षक शिबिरात मी ते ऐकून ऐकून शिकले होते. शिकवणारे गृहस्थ मराठीच. तेही कुठल्या तरी शिबिरातच शिकलेले. चाल फार गोड होती. त्यात 'अम्मा' हा शब्द होता, म्हणजे मातृभूमी. 'मोर' हा शब्द तर पुन्हा पुन्हा यायचा, म्हणजे राष्ट्रीय पक्षी. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतली मुलं मूठ वाकवून मोराची मान करायची आणि मागच्या रांगेतली बोटं पसरून पिसारा. दरवर्षी त्याला टाळ्या पडायच्या.

नव्याण्णव सालच्या जूनमध्ये त्या वर्षीची नववी माझ्याकडे आली. कारगिलचं युद्ध चालू होतं. मुलं मधल्या सुट्टीत घोषणा द्यायची, टीव्हीवर पाहिलेल्या तोफांचे आवाज काढायची. मला वाटलं, यंदा शिकवणं सोपं जाईल. आणि पहिल्याच आठवड्यात, मराठी गाणं शिकवताना, मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. तो कळवणकडचा, शिकायला मामाकडे राहिलेला.

"बाई, ह्या कडव्यात आपण प्राण देऊ म्हणतोय. पण कोणाला द्यायचे? इंग्रज तर गेले."

वर्ग हसला. मी म्हटलं, "देशाला."

"देश ते घेऊन काय करील?"

तो चेष्टा करत नव्हता. डोळे बारीक करून, गणित अडल्यासारखा उभा होता. मी त्याला खाली बसायला सांगितलं आणि पेटी धरली. दोन दिवसांनी तमिळ गाणं काढलं तर तो पुन्हा उभा.

"बाई, ह्याचा अर्थ काय हाय?"

"मातृभूमीचं वर्णन आहे. आई, मोर…"

"आई, मोर, आन् पुढं?"

पुढं मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि मोराच्या पुढे जायची मलाही कधी गरज वाटली नव्हती.

तेव्हा पहिल्या रांगेतली मुलगी बोलली. गाण्यातल्या एकट्याने म्हणायच्या ओळी तीच म्हणायची. जुन्या नाशकातून यायची. तिच्या वडलांचं गाद्यांचं दुकान होतं. "बाई, माझे अब्बा देवळालीला गाद्या भरायला जातात. तिथे एक तमिळ बाई राहतात, मिलिटरीवाल्यांच्या घरच्या. त्यांना विचारू या?"

पुढच्या रविवारी त्या दोघांना घेऊन मी शहर बसने देवळाली कॅम्पला गेले. छावणीच्या बाहेर, एका चाळवजा घरात ती बाई भाड्याने राहत होती. माझ्याहून बरीच लहान. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, आणि पदराला धरून चार वर्षांची मुलगी. माझ्याबरोबरच्या मुलीच्या अब्बांनी आधी निरोप दिलेला होता.

"टीचर? आओ, आओ," म्हणत तिने आम्हाला खाटेवर बसवलं, आत गेली आणि स्टीलचे पेले घेऊन आली.

"मोर," ती म्हणाली. "मोर पियो. गरमी है."

कळवणच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, मोर म्हणतेय ती."

मी पेल्यात पाहिलं. पातळ ताक, वर कढीपत्ता आणि आल्याचे तुकडे.

"ये मोर है?"

"हाँ, मोर. इधर क्या बोलते? छाछ?"

"ताक," माझ्याबरोबरच्या मुलीने सांगितलं.

"ताक," तिने म्हणून पाहिलं. "अच्छा. ताक."

आम्ही तिघांनी ताक प्यायलं. मग तिने गाणं म्हणायला सांगितलं. मी सूर दिला, दोघं गायला लागली. पहिल्या कडव्यापर्यंत ती पाहुण्यांचं ऐकतात तशी मान हलवत होती. दुसरं कडवं आलं, मुलाच्या हाताने शिकवल्याप्रमाणे मोराची मान केली, आणि तिने पदर तोंडात कोंबला. मग तिला हसू आवरेना. तिची मुलगीही आईकडे बघून हसायला लागली.

"टीचर, आप लोग क्या गा रहे, मालूम? अम्मा, अम्मा, छाछ, छाछ!"

"और?" मी विचारलं.

"एक जगह 'नाळै' है. नाळै मतलब कल, आने वाला कल."

"आई, ताक, ताक, उद्या," मुलगा हळूच म्हणाला.

"बाकी?"

"बाकी तमिळ नहीं है, टीचर."

"मग कुठली भाषा आहे?" मी गोंधळून मराठीतच विचारलं. तिला ते कळलं.

"मालूम नहीं. तेलुगू भी नहीं."

मला हसावं की रडावं कळेना. सात-आठ वर्षं नववीच्या मुलांनी छाती पुढे काढून ते गायलं होतं. मीही गायलं होतं, आणि माझ्या अंगावर दरवेळी काटा आला होता. मग तो काटा ताकासाठी होता का?

शेजारच्या घरात कुणी तरी टीव्ही लावला. बातम्या सुरू झाल्या. तिने उठून त्या बाजूची खिडकी लावून घेतली. "समाचार वाले चिल्लाते बहुत हैं," ती म्हणाली. तिचा नवरा तोफखान्यात होता आणि मे महिन्यातच त्याची तुकडी वर कारगिलला गेली होती. ते तिने आम्ही विचारल्यावर सांगितलं, सहज, बाजारात गेलाय म्हणावं तसं. मग ती पेले उचलायला लागली. दोघं मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या हातातले पेले घेऊन आत नेऊन ठेवले.

निघताना ती म्हणाली, "ये धुन मैंने सुनी है. शायद स्कूल में. याद करती हूँ."

त्यानंतर दर शनिवारी ती लेकीला घेऊन आमच्या शाळेत येऊ लागली. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, पण शिपायाला विचारायला लावलं की ही कोण. ती पेटीजवळ खुर्चीवर बसायची, डोळे मिटून चाल गुणगुणायची आणि एकेक शब्द जागेवर बसवायची. जिथे आम्ही 'मोर' म्हणत होतो तिथे तिच्या मते 'मण्' होतं, म्हणजे माती. हे मुलांना पटलं. देशाच्या गाण्यात माती असणारच. पण दुसऱ्या कडव्यातली एक ओळ तिला काही केल्या आठवेना. शेवटी ती म्हणाली, "ये लाइन मैं डालती हूँ." तिने गावच्या तळ्याची ओळ घातली. तळ्यात दुपारी म्हशी बसतात, अशी.

"भैंस?" मी विचारलं. "कमल नहीं?"

"कमल उधर नहीं है. भैंस है."

कळवणचा मुलगा खूश झाला. "बाई, म्हशीची ओळ मी म्हणू?"

मी मान हलवली. राष्ट्रीय गाण्यात म्हैस चालते का, हे मला कुणाला विचारावं कळत नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या शनिवारांत फार छान झाली. तिने मुलांना 'ळ' म्हणायला लावलं आणि सगळ्या वर्गाने तो एका झटक्यात म्हटला. ती खुर्चीतून उठलीच. हिंदी मुलखात ती चार वर्षं राहून आली होती. तिथे कुणाला तो जमायचा नाही. "आप लोगों के पास है! नळ, बाळ, शाळा. मैं इधर आई और नळवाले ने 'नळ' बोला, तो मुझे रोना आया." मुलांना कसला अभिमान वाटला! त्या दिवसभर वर्गात काहीही कारण नसताना 'ळ' चालू होता. मला वाटलं, एकात्मता म्हणतात ती ही असेल. मग तिने सांगितलं की 'तमिळ' या शब्दातला शेवटचा आवाज आपला ळ नाहीच, वेगळाच आहे, आणि तो तिने म्हणून दाखवला. तो एकालाही जमला नाही. जीभ कुठे लावायची हे ती दाखवत होती आणि चाळीस मुलं तोंडं उघडून एकमेकांच्या जिभा बघत होती.

जुलैच्या एका शनिवारी तिने विचारलं, "आपका मराठी गाना सुनाओ. मतलब बताओ."

मुलं गायली. ती ऐकत होती, लेक मांडीवर. मग तिने कळवणच्या मुलाकडे बोट केलं. त्याने उभं राहून एकेक ओळ हिंदीत सांगायला सुरुवात केली. नद्या, डोंगर, शेतं, सगळं नीट सांगितलं. मग ते प्राण द्यायचं कडवं आलं.

"और आखिर में… हम…" तो थांबला. वर्गात सगळ्यांना कळलं की तो का थांबला. एरवी याच कडव्याला मुलं सर्वांत मोठा आवाज लावायची.

"हम?" तिने विचारलं.

"हम मेहनत करेंगे," तो म्हणाला. "देश के लिए लय मेहनत करेंगे."

"अच्छा है," ती म्हणाली. "बहुत अच्छा है."

कुणी चूक काढली नाही. एरवी एकाचं चुकलं की दहा जण ओरडायचे. मीही दुरुस्त केलं नाही. ती गेल्यावर गाद्यांच्या दुकानवाल्यांची मुलगी माझ्याजवळ आली. "बाई, त्या असताना ते कडवं म्हणायचं का?"

"तुला काय वाटतं?"

"म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. नाही म्हटलं तर… तर मग ते म्हणायचंच कशाला? त्यांच्या घरचेच तर तिथे आहेत."

मला तेव्हा एवढंच दिसत होतं की ज्याने 'देश घेऊन काय करील' विचारलं होतं, त्यानेच गाण्याचा अर्थ बदलला. आणि गाण्यातून मी शिकवत होते ते नेमकं काय, हे मला आता जूनपेक्षाही कमी कळत होतं. तो उद्धटपणा होता की समजूत? ते कडवं खोटं होतं की खरं होतं म्हणूनच तिच्यासमोर नको वाटत होतं? आम्ही शनिवारी ते गाळायला लागलो. बाकीच्या दिवशी म्हणायचो.

जुलै संपता संपता युद्ध थांबलं. त्यानंतरच्या शनिवारी ती मुलांसाठी गूळ घातलेला भात घेऊन आली. नवऱ्याचा फोन आला होता, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. तो ठीक होता. कधी येणार ते माहीत नव्हतं.

आता स्पर्धा दहा-बारा दिवसांवर आली, आणि तमिळ गाणं जुनं म्हणायचं की नवं, हा प्रश्न उभा राहिला. मोठ्या बाई म्हणाल्या, "परीक्षकांना जे माहीत आहे ते म्हणा. प्रयोग गॅदरिंगला करा." मग जरा थांबून म्हणाल्या, "बघा बाई, तुम्हीच ठरवा." मी म्हटलं, स्वातंत्र्य शिकवतोय तर मुलांनाच ठरवू दे.

एक जण म्हणाला, "जुनं म्हटलं तर बक्षीस मिळेल."

दुसरी म्हणाली, "नवं म्हटलं तर आंटी खूश होतील."

कळवणचा म्हणाला, "चुकीचं हाय हे कळल्यावर चुकीचं म्हणायचं व्हय?"

"नवं तरी बरोबर आहे कशावरून?" आणखी कुणी तरी म्हणालं. "त्यात म्हशी त्यांनी स्वतः घातल्यात."

हे खरं होतं. बराच वेळ वाद झाला. मी मनात म्हणत होते, आता कुणी तरी तत्त्वाचं बोलेल. शेवटी एकटी गाणारी मुलगी म्हणाली, "जुनं म्हटलं तर मला हसू येईल. स्टेजवर 'मोर' आलं की मी ताकच बघणार. माझ्याच्याने होणार नाही." सगळ्यांनी आपापल्या मनाशी म्हणून पाहिलं बहुतेक, कारण एकदम खसखस पिकली. निर्णय झाला. जुनं गाणं आता कुणालाच गंभीर चेहऱ्याने म्हणता येणार नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. युद्धाचं वर्ष, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त पालक, जास्त झेंडे. ती बाई लेकीला घेऊन आली होती. आमचा क्रमांक उशिरा असल्याने आमची मुलं तिच्या आजूबाजूलाच बसली होती. मी मागच्या ओळीत. तिसऱ्या क्रमांकाला दुसऱ्या एका शाळेचा संच आला आणि पेटीवर तीच चाल सुरू झाली. त्यांच्या बाईही त्याच शिबिरात शिकल्या असणार. अम्मा आली, मोर आला. पुढच्या रांगेने माना केल्या, मागच्या रांगेने पिसारे फुलवले.

तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. आमची मुलं खाली माना घालून थरथरत होती, पण ती मोठं माणूस, तिचं हसू लोकांना दिसलं. पलीकडे उभे असलेले एक गृहस्थ जवळ आले. छातीला तिरंगी फीत लावलेली.

"अहो, देशभक्तीचं गाणं चालू आहे," ते म्हणाले. "आपले जवान तिकडे जिवावर उदार होतात आणि तुम्ही हसता? लाज नाही वाटत?"

कळवणचा मुलगा ताडकन उठला. त्याचे कान लाल झाले होते. मीही उठले. पण तिला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. उभा असलेला माणूस आपल्याला काही सांगतोय, म्हणजे त्याला बसायला जागा हवी, असा तिचा समज झाला. तिने चटकन लेकीला मांडीवर घेतलं, सरकली आणि शेजारची खुर्ची हाताने पुसून म्हणाली, "बैठो, बैठो, भाईसाब."

गृहस्थ गोंधळले. आजूबाजूचे लोक बघत होते. ते बसले. लेकीने त्यांच्या फितीला हात लावला, त्यांनी तो लावू दिला. मुलगा तसाच उभा होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोही बसला. नंतर मी त्याला विचारलं, का नाही बोललास? तो म्हणाला, "काय बोलणार बाई? ती एवढं चांगलं वागली. मी बोललो असतो तर तिला कळलं असतं तो काय बोलला ते."

आमचं मराठी गाणं चांगलं झालं. शेवटचं कडवं मुलांनी म्हटलं, पण ओरडून नाही, खाली पट्टीत, जणू एकमेकांना सांगताहेत. मी तसं बसवलं नव्हतं. तमिळ गाणंही नीट झालं. म्हशीची ओळ तर फारच सुरेल गेली. तिने टाळ्या वाजवल्या आणि तिच्या शेजारच्या गृहस्थांनीही वाजवल्या.

बक्षीस त्या मोरवाल्या शाळेला मिळालं. आम्हाला काहीच नाही. मी परीक्षकांना भेटायला गेले. मुख्य परीक्षक ज्येष्ठ होते, शहरात त्यांना मान होता.

"बाई, सूर उत्तम. पण शब्द फार चुकले. मोराचं कडवंच खाल्लंत तुम्ही."

"सर, मोर म्हणजे तमिळमध्ये ताक."

ते हसले. "छान. विनोदबुद्धी शाबूत ठेवा." आणि माझ्या खांद्यावर थोपटून पुढे गेले.

बाहेर मुलं वाट बघत होती. मला वाटलं होतं रडतील, चिडतील. काही चिडलीही. पण त्या बाईने मुलांना विचारलं की कौन जीता, आणि मुलीने सांगितलं, "छाछ जीती." मग रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, चाळीस मुलं आणि ती एवढी हसली की रिक्षावाले थांबून बघायला लागले. मीही हसले. आपण हरलो की काय झालं, हे नीट कळत नसताना हसले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचा नवरा शाळेत आला. उंच, सावळा, साधा शर्ट घातलेला, लेकीचं बोट धरून. मुलांनी त्याला मध्ये बसवलं. तोफेजवळ राहून त्याचा उजवा कान जवळजवळ गेला होता. तो डावा कान पुढे करून ऐकायचा. मुलांनी तमिळ गाणं म्हटलं. तो मनापासून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "बहुत बढ़िया. कौन सी भाषा है?"

तिने त्याला तमिळमध्ये काही तरी फटकारलं. तो हसला, मुलंही हसली. त्याने थट्टा केली, की कानामुळे, की आमचं उच्चारणच तसं होतं, हे आजही मला सांगता येणार नाही. त्याने स्वतः सांगितलं नाही आणि तिनेही नाही.

मुलांनी त्याला नाना प्रश्न विचारले. तिथे थंडी किती, जेवण काय, भीती वाटली का. तो तुटक उत्तरं देत होता. कळवणच्या मुलाने विचारलं, "अंकल, वहाँ ऊपर देशभक्ती के गाने गाते थे क्या?"

"गाना?" तो विचार करून म्हणाला. "ठंड में मुँह नहीं खुलता. सोचते थे नहाने का पानी गरम मिलेगा कब." मग मुलांचे उतरलेले चेहरे बघून घाईने म्हणाला, "गाते थे, गाते थे. कभी-कभी." ते त्याने आमच्यासाठी म्हटलं, हे सगळ्यांनाच कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. ती निरोप घ्यायला घरी आली तेव्हा मी विचारलंच, ते गाणं तिने लहानपणी नक्की ऐकलं होतं का?

"सच बोलूँ टीचर? पहले लगा, सुना है. अब आपके बच्चों से इतना सुना कि पहले का कुछ याद नहीं. शायद नहीं सुना." आणि माझा हात धरून म्हणाली, "पर अब तो है ना गाना?"

मी हो म्हटलं. काय आहे, कुणाचं आहे, ते मी विचारलं नाही.

त्या वर्गातली ती एकटी गाणारी मुलगी पुढे बालवाडीत शिकवू लागली. कळवणचा मुलगा मला दोन हजार चार-पाचच्या सुमारास कळवणच्या स्टँडवर भेटला. तोवर त्याने सैन्यभरतीला दोनदा जाऊन पाहिलं होतं, दोन्ही वेळा छाती कमी भरली. मला आश्चर्य वाटलं. "तू? तू का गेलास?"

"मलाच नाय कळलं बाई. सगळी पोरं पळत होती, मी पण पळालो. पळताना लय भारी वाटत होतं." मग त्याची गाडी लागली आणि तो गेला.

मी ते गाणं पुढेही काही वर्षं शिकवलं, म्हशीसकट. कुणी अर्थ विचारला तर सांगायचे, कुणी खरं-खोटं विचारलं तर मात्र अडखळायचे. पुढे मी नववीच्या पहिल्या तासाला गाण्याऐवजी एकच विचारायला लागले, घरी कुठली भाषा बोलता? फळ्यावर एकेक लिहायचे. सटाण्याकडची मुलं लाजत 'अहिराणी' म्हणायची, पेठकडची नाव न सांगता नुसतं 'आमची आमची' म्हणायची, कुणी मारवाडी, कुणी उर्दू की हिंदी हे ठरवू न शकणारं. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या घरी कुणी फारसं बोलतच नाही."

वर्ग हसला नाही. मी खडू हातात धरून उभी होते. फळ्यावर काय लिहावं हे तिला विचारलं, तर ती म्हणाली, "काहीच नको. मी सगळ्यांबरोबर गाणं म्हणेन." आणि ती खरोखर म्हणायला लागली, पहिल्या दिवसापासून, इतक्या मोठ्या आणि बेसूर आवाजात की मला तिला थांबवावंसं वाटायचं आणि थांबवताही यायचं नाही.